बॉनेटखालचा चिकटा

स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनची पाती ज्यांनी कधी उतरवून घासली असतील, त्यांना चिकटा म्हणजे काय ते सांगायला नको. नुसतं तेल असेल तर पुसता येतं, नुसती धूळ असेल तर झटकता येते. पण फोडणीची वाफ आणि रस्त्यावरची धूळ यांचं एकदा जमलं की जे तयार होतं ते पुसलंही जात नाही आणि झटकलंही जात नाही. बोटाला लागलं तर तीनदा साबण लावेपर्यंत सोडत नाही. हाच पदार्थ आमच्या गाडीच्या बॉनेटखालीही नांदतो, हे कळायला मला ५६ वर्षं लागली. तोवर बॉनेट ही पुरुषांनी उघडायची आणि आत बघून ‘हं’ म्हणायची जागा आहे, अशी माझी समजूत होती.

आमच्याकडे दसऱ्यापेक्षा खंडेनवमीचं प्रस्थ जास्त. हे सातपूरला एमआयडीसीत ३१ वर्षं टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायचे. खंडेनवमीला कंपनीत बायकामुलांना आत सोडायचे. झेंडूच्या माळा घातलेले लेथ, प्रत्येकावर कुंकवाचं बोट, वर नारळ, आणि जो तो आपापल्या मशीनशेजारी नव्या नवऱ्यासारखा उभा. चार दिवस आधीपासून साफसफाई चालायची. यांचा एक नियम होता, मशीनवर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. नवीन पोरं हवा मारून दोन मिनिटांत मोकळी व्हायची, आणि हे ब्रश आणि फडकं घेऊन तासभर वाकलेले. कारण विचारलं तर म्हणायचे, “हवेनं बर, म्हणजे लोखंडाचा चुरा, उडते ती सगळ्यांना दिसते. निम्मी स्लाइडखाली घुसते ती कुणाला दिसत नाही. मग वर्षभर बेड खरवडत बसते.”

असा माणूस गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी एका वॉशिंग सेंटरला घेऊन गेला, आणि तिथल्या पोरानं बॉनेट उघडून आत प्रेशरची गन धरली तेव्हा शेजारी उभं राहून चहा पीत होता. मीही होते. इंजिनावरची काळी राड घळाघळा खाली येताना बघून आम्हा दोघांना काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

घरगुती प्रेशर वॉशरचा दाबसुद्धा १०० बारच्या पुढे असतो. गाडीच्या टायरमध्ये हवा असते साधारण सव्वादोन बार. म्हणजे ज्या हवेवर गाडी आणि आम्ही सगळे उभे असतो, तिच्या चाळीसपट जोरानं ते पाणी वायरींच्या जोडांवर आदळत होतं. हा हिशेब मी नंतर केला. त्या दिवशी आम्ही चकचकीत गाडी घेऊन निघालो आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला ती थरथरायला लागली. तीन सिलिंडरचं इंजिन. त्यातला एक बंद पडला की तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय काढल्यासारखं होतं. समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

आमच्या मिस्त्रीनं कॉइल, म्हणजे प्लगला वीज देणारे ठोकळे, उपसून दाखवल्या. प्लग ज्या खोल भोकांत बसतात, त्यातल्या दोन भोकांत पाणी साचलेलं. ते सुकवलं, एक कॉइल बदलली, दीड हजारावर गेलं. खंडेनवमीला गाडी गॅरेजमध्ये आणि आम्ही घरी स्क्रू-ड्रायव्हरची पूजा करतोय.

“पाणी आत गेलं कसं पण? वर रबर आहे की,” मी विचारलं.

“काकू, ते रबर पावसासाठी असतंय. तोफेसाठी नाय,” मिस्त्री म्हणाला.

हे घरी येईपर्यंत गप्प होते. जेवताना एवढंच बोलले, “लेथवर मी असं होऊ दिलं नसतं.”

या वर्षी यांचा उजवा खांदा जखडला. हात छातीच्या वर जात नाही. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, “आई, सरळ सर्व्हिसिंगला देऊन टाक.” सर्व्हिसिंगला दिली की ती आपल्यासमोर होत नाही, हे त्याला कसं सांगणार? म्हटलं, मीच करते. हे पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले. म्हणजे मी कामगार आणि हे सुपरवायझर, निवृत्तीनंतर मिळालेली बढती.

रविवारी सकाळी सात वाजता सुरुवात केली. रात्रभर उभं राहून इंजिन पूर्ण गार झालेलं असतं म्हणून ही वेळ. चालू गाडीतलं कूलंट नव्वद अंशांच्या आसपास असतं आणि एक्झॉस्टचं लोखंड त्याच्या कितीतरी पुढे. तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं की काय होतं ते आपण रोज बघतो. पत्र्याचा तवा निभावतो, पण तापलेलं ओतीव लोखंड गार पाण्यानं तडकू शकतं. शिवाय हात भाजतो तो वेगळाच. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही हे तर कुकरची शिट्टी जिनं काढलीय तिला शिकवायला नको.

गाऊनवर खाली जाऊ नका, हे मात्र सांगते. मी पंजाबी ड्रेसवर गेले, ओढणी घरात ठेवली, केस बांधले. गाडी बंद असली तरी रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत आपला आपण फिरायला लागतो. ओढणीचं टोक त्यात जायला क्षण पुरतो. मग यांनी खुर्चीतून फर्मावलं, “पाटल्या काढ. अंगठीपण.”

“आता अंगठी कशाला?”

“बॅटरीवर आडवी पडली तर बोट जळेल. सोनं म्हणजे वायरच.”

मग बॅटरी. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवायची, लाल नंतर. का, तर गाडीचा अख्खा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. आधी लाल सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं तर ठिणगी उडाली म्हणून समजा. लावताना उलट, लाल आधी, काळी शेवटी. मी हे ‘दिवाळीत आधी काळोख जातो आणि शेवटी येतो’ असं लक्षात ठेवलं. यमक नाही, पण लक्षात राहिलं. गाडीची किल्ली खिशात घ्या आणि एक काच खाली ठेवा. बॅटरी सुटल्यावर रिमोट चालत नाही.

बॅटरीच्या टोकांवर मात्र मी अडकले. एका टोकावर पांढरी पूड, दुसऱ्यावर मोरपिशी निळी-हिरवी भुकटी फुलून आलेली. हा रंग मी ओळखत होते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं घर. छाटणीनंतर दादा बोर्डो मिश्रण, म्हणजे वेलींवर फवारायचं बुरशीचं औषध, करायचे. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, मग एकत्र. लोखंडाच्या भांड्यात करायचं नाही. झालं की विळा बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, “चुना कमी पडला.” मग थोडा चुना, परत विळा. या विळ्याची राखण माझ्याकडे असायची. तो निळा रंग बोटांच्या पेरांत दोन-दोन दिवस राहायचा.

बॅटरीवरचं ते खरोखरच मोरचूद होतं. आत सल्फ्युरिक आम्ल, वायरीच्या टोकाला तांबं. आम्लाची वाफ झिरपत झिरपत तांब्याला लागली की कॉपर सल्फेट तयार होतं. पांढरं ते शिशाचं सल्फेट. ज्या पदार्थासाठी दादा तालुक्याच्या दुकानात रांगेत उभे राहायचे, तो माझ्या गाडीत फुकट पिकत होता. आम्ल मारायला दादांकडे चुना होता, माझ्याकडे खाण्याचा सोडा. वाटीभर कोमट पाण्यात दोन चमचे कालवून जुन्या टूथब्रशानं लावला, तर ढोकळ्याच्या पिठासारखा फसफसला. ताजा सोडा लावूनही फसफसेना की आम्ल संपलं. बॅटरीला वरून बुचं असतील तर ती घट्ट आहेत ना ते आधी बघायचं, सोडा आत गेला तर बॅटरीच बाद. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, जवळपास काडी-सिगारेट नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. नंतर ओल्या फडक्यानं पुसून, कोरडं करून, वायरी लावल्यावर वरून व्हॅसलीनचं बोट.

आता चिकटा. मी फडकं उचललं तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, “थांब. आधी वाच.”

“काय वाचू?”

“कुठे जास्त आहे ते. पुसलंस की गेलं.”

हे मला सुचलं नसतं. बाईमाणूस घाण दिसली की हात घालते, वाचत बसत नाही. मोबाइलवर फोटो काढले आणि मग चष्मा लावून नीट बघितलं. इंजिनाच्या बहुतेक भागावर नुसती कोरडी धूळ होती. एका कडेला लालसर, ती श्रावणात त्र्यंबकच्या रस्त्यावरून आणलेली असावी. खाली कोपऱ्यात काळी, ती माझ्या माहेरची. ही सगळी झटकली की जाणारी. चिकटा फक्त एका जागी होता. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, मागच्या काठापासून खाली, बोटभर रुंद, कपाळावरून घाम ओघळावा तसा. तेलाशिवाय चिकटा होत नाही, म्हणजे तेल तिथूनच येत होतं. आणि मला एकदम आठवलं, मुंबईहून येताना कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो की दर वेळी जळकट वास यायचा. मी म्हणायचे, बाजूच्या ट्रकचे ब्रेक. हे म्हणायचे, वडे जळले. तो वास आमच्याच तेलाचा होता, थेंब थेंब गरम एक्झॉस्टवर पडून जळणारा. गेल्या वर्षी प्रेशरनं धुतलं तेव्हा ही खूण धुतली गेली, गळती जशीच्या तशी राहिली. वर्षभर आम्ही वड्यांवर आळ घेत होतो.

झाकणं घालायला मी दुधाच्या पिशव्या घेतल्या. कुठल्याही मराठी घरात धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेल्या असतात त्या, ‘लागतील कधीतरी’ म्हणून. लागल्या. फ्यूजबॉक्स, अल्टरनेटर (आमचे हे अजून डायनामोच म्हणतात), कॉइलचे दोन मोठे जोड, इंजिनाला हवा घेणारी नळी आणि वायरींचा एक चेहऱ्याएवढा डबा, ज्यात गाडीचा मेंदू असतो. एकूण सहा पिशव्या, रबर लावून.

आधी कोरडं, वरून खाली. दिवाळीच्या सफाईत आधी जाळी काढतात तसं. वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाची पानं इतकी साचली होती की खाली खत झालं होतं. तिथे पाणी जायला भोकं असतात. ती बुजली की पावसाचं पाणी वाट काढत गाडीच्या आत, पायाखाली येतं. दर जुलैत गाडीला येणारा कुबट वास मी आजवर छत्र्यांवर ढकलत होते.

आणि एका कोपऱ्यात उंदराचं घर. बॉनेटच्या आतली गादी कुरतडून केलेलं, त्यात खोबऱ्याच्या करवंटीचा तुकडा, गेल्या दसऱ्याला आम्हीच फोडलेल्या नारळाचा असणार. देवाला दिलेलं देवाच्या वाहनानं नेलं. हे घर नुसतं किळसवाणं नसतं, एक्झॉस्टजवळ असेल तर पेट घेतं. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते. मास्क, मोजे, वर जंतुनाशकाचं पाणी शिंपडून ओल्यानंच उचलायचं. उंदीर पळावा म्हणून यांनी मागे तंबाखूची पानं बांधली होती. ती तशीच होती. घर त्यांना टेकूनच बांधलेलं होतं.

चिकट्यावर रॉकेल की डिग्रीझर, यावर आमचं पाऊण तास वाजलं. “कंपनीत सगळे पार्ट रॉकेलनंच धुतले,” हा यांचा मुद्दा. ते उघडे लोखंडी पार्ट होते. इथे रबरी नळ्या, पट्टे, वायरींचं वेष्टन. रॉकेल-डिझेलनं रबर फुगतं, पट्टा घसरतो, आणि नंतर इंजिन तापल्यावर उरलेली वाफ पेटण्याची भीती. मी माझं शास्त्र काढलं. धुण्याचा सोडा लावला की अॅल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं ना? मग ओव्हन घासायचं जळजळीत औषध इथे चालणार नाही, कारण इंजिनाचं बरंचसं अंग अॅल्युमिनियमचं. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर दुकानातून आणलं होतं, तेच ठरलं. ते रिठ्याचंच मोठं भावंड. त्याच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि मधल्या मध्ये तेल उचललं जातं. थेट फवारायचं नाही, ब्रशवर घ्यायचं. चोळायचं, दोन-चार मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, ओल्या फडक्यानं उचलायचं. फडकं पिळायचं, परत. ब्रश गोल फिरवला की घाण फिरते, खाली ओढला की निघते. आमच्या गाडीत नारिंगी जाड वायरी नाहीत, पण हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर त्यांच्या वाटेला जायचं नाही. तिथे माणूस मारण्याइतका विजेचा दाब असतो.

पाणी किती लागलं? अर्धी बादली. पाइप लावलाच नाही. एक तर गेल्या वर्षीचा धडा, आणि दुसरं म्हणजे आमच्या गटारीतलं पाणी शेवटी नासर्डीत जातं. कागदोपत्री ती नंदिनी. टाकळीला ती गोदावरीला मिळते, समर्थांनी जिथे बारा वर्षं तप केलं म्हणतात त्या संगमावर. माझ्या इंजिनाचं तेल तिथे पाठवायला मन होईना. खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली होती, ती आणि काळी फडकी एका झाकणाच्या डब्यात भरून मिस्त्रीकडे दिली, त्याच्याकडे जुन्या तेलाचं पिंप असतं.

चकाकी आणायचा फवारा मी लावला नाही. दुकानदारानं आग्रहानं दिला होता. मिस्त्रीचं वाक्य आठवलं, तो सेकंड-हॅन्ड गाडी बघायला जातो तेव्हाचं: “काकू, इंजिन लई चमकत असलं की मी पहिला खाली वाकून बघतो.” शिवाय तो फवारा पट्ट्यावर उडाला तर पट्टा घसरून किंचाळायला लागतो.

साडेनऊला उन्हात बॉनेट उघडं ठेवलं. ऑक्टोबरचं ऊन एरवी शिव्या खातं, त्या दिवशी कामाला आलं. कोपऱ्यांत हेअर ड्रायर गार हवेवर फिरवला. दोन तासांनी पिशव्या काढल्या, आधी लाल, मग काळी वायर जोडली, किल्ली घेऊन सीटवर बसले.

“थांब!” हे उठलेच खुर्चीतून, खांदा धरून. “पिशव्या किती काढल्यास?”

मोजल्या. पाच.

“सहा होत्या.”

ऑपरेशनमध्ये टाके घालण्याआधी बोळे मोजतात, तसं हे दिवसभर काही न करता फक्त मोजत बसले होते. सहावी सापडली हवेच्या नळीच्या तोंडावर, खाली जाळीमागे, माझ्याच रबरानं घट्ट. चालू केली असती तर इंजिनानं श्वास घ्यायचा प्रयत्न केला असता आणि गोवर्धन छाप म्हैस तोंडात घेतली असती. (छाप बदललंय. दूधवाल्यांचा यात काही दोष नाही.)

गाडी चालू झाली. मिनिटभर जरा वरखाली झाली, बॅटरी काढल्यावर तिला आपली चाल परत आठवावी लागते, मग बसली. गाडीतलं घड्याळही वेळ विसरून एक वाजल्याचं दाखवत होतं. हे कान लावून उभे राहिले, डोळे मिटून, लेथचा आवाज ऐकायचे तसे. मग म्हणाले, “तिन्ही चालतायत.” एवढंच. शाबासकीची अपेक्षा मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडली होती.

खंडेनवमीला पोर्चमध्ये पाट मांडला. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, माझी विळी, यांचं मापं घ्यायचं जुनं व्हर्निअर. गाडीला हार घातला. मी आरतीचं ताट घेऊन उभी, तर हे म्हणाले, “बॉनेट उघड.”

“आत फूल नको हं, पट्ट्यात जाईल.”

“फूल नाही. कुंकू.”

मी टेकू लावला. यांचा डावा हात वर गेला, अनामिकेनं शॉक अॅबसॉर्बरच्या टोपीजवळच्या कोरड्या पत्र्यावर एक बोट उठलं. मग हे वाकले, आणखी वाकले. टॅपेट कव्हरच्या मागच्या काठाखाली, चार दिवसांपूर्वी मी लख्ख पुसलेल्या जागी, तांदळाएवढा ओला थेंब चमकत होता, आणि त्याच्याखाली केसाएवढी रेघ.

माझा हात आपसूक पदराकडे गेला.

“पुसू नकोस,” हे म्हणाले. “उद्या मिस्त्रीला दाखवायचाय.”